बेटाला नापास करायला गेले तेव्हा

मी त्या बेटावर गेले ती त्याला नापास करायला. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगलीत मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत भूगोल शिकवला. निकाल ठरला की माझ्या भुवया आधी वर जातात, हे माझ्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे.

झालं होतं असं. माझी सून नर्स. ऑकलंडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पाळ्या करकरून ती पार पिळून निघाली होती. त्यातच शहरासमोर समुद्रात दूरवर असलेल्या त्या बेटावरच्या दवाखान्यात नर्सची जागा निघाली. उन्हाळाभर येऊन काम करून बघा, तुम्हाला बेट आवडलं आणि बेटाला तुम्ही आवडलात तर कायमचं ठरवू, असं तिथून कळलं. ते वाचताना सुनेचा चेहरा असा काही उजळला, की लग्न होऊन आल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता.

"आई, तिथे पेशंट नावानं ओळखता येतात. इथे मला फक्त बेडचा नंबर माहीत असतो," ती म्हणाली. आणि मग लगेच, "पण तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार."

असं म्हणणाऱ्या सुनेला तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी शिक्षकी मार्ग काढला. "जाऊ या की उन्हाळ्यापुरतं. बघू, मग ठरवू." मनातल्या मनात लाल पेनाचं टोपण मात्र तेव्हाच काढून ठेवलं होतं. ऑकलंडच्या न्यू लिन भागात माझं सगळं बस्तान बसलेलं. कढीपत्ता चालत जाऊन मिळतो, ट्रेन दाराशी, बुधवारचं भजन, भजनानंतर इतरांच्या सुनांची उणीदुणी. हे सोडून मी कुठल्या खडकावर जाऊन बसू?

मुलाचं काम आयटीतलं, त्याला काय, इंटरनेट असलं की झालं. नात आठ वर्षांची. तिनं त्याच संध्याकाळी टॉग्ज आणि जँडल्स, म्हणजे पोहायचे कपडे आणि रबरी चपला, बॅगेत भरून ठेवले. म्हणजे परीक्षक म्हणून उरले मी एकटी.

आता या परीक्षकाची लायकी सांगते. तरुणपणी मी न्यूझीलंड अर्ध्या तासिकेत उरकत असे. कडक इस्त्रीची साडी, हातात छडी, फळ्यावर खडूनं दोन लांबट बेटं. "लिहा. लोकर, मांस, लोणी. हवामान सौम्य. पुढचा देश काढा." एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, तिथली माणसं दिवसभर काय करतात?" मी म्हणाले, "मेंढ्या पाळतात. खाली बस." समुद्र तोवर मी एकदाच पाहिला होता, गणपतीपुळ्याला शाळेच्या सहलीत, तोही मुली मोजता मोजता. पण द्वीपसमूहांवर अशी काही बोलायचे, की जणू तिथली अर्धीअधिक बेटं माझ्या माहेरची.

तर ही बाई बोटीत बसली. बोट बंदराबाहेर पडली आणि माझं सगळं ज्ञान पोटातून वर यायला लागलं. नात शेजारी बसून चिप्स खात होती. "आजी, लुक ॲट द होरायझन, इट हेल्प्स." क्षितिज म्हणजे काय याची व्याख्या मी हजारो मुलींकडून पाठ करून घेतली होती. ते बघण्यासाठी असतं, हे मला आठ वर्षांच्या पोरीनं पिशवी हातात देत सांगितलं.

बेटावर उतरल्यावर मी माझ्या मुद्द्यांनी तपासणी सुरू केली. प्राकृतिक रचना: डोंगर, नुसते डोंगर, आणि रस्ता म्हणजे डोंगराला घातलेली नागमोडी शिवण. एक गुण कापला. ऊर्जासाधने: विजेचे खांबच नाहीत. ज्याच्या त्याच्या छपरावर सौर पट्ट्या, खाली खोलीत बॅटऱ्या. पहिल्याच दिवशी मी मिक्सर, इस्त्री आणि किटली एकदम लावली, तर घर असं गप्प झालं की माझ्या हातातली चटणी अर्धी वाटलेलीच राहिली. दोन गुण कापले. दळणवळण: सामान घेऊन माल-बोट येते, तीही समुद्राची मर्जी असेल तेव्हा. कांदे संपले तर संपले. इथे तर मी कापायचे गुणच संपवले.

इतिहासाची तपासणी करायला शेजारीण मिळाली. आमच्या वरच्या अंगाला, डोंगरात थोडं चढून तिचं घर. माझ्याच वयाची, पुरुषी टोपी, पायात गमबूट. पहिल्या दिवशी फाटकाशी येऊन इथल्या पद्धतीचा नमस्कार करत म्हणाली, "किआ ओरा, डिअर. अंडी हवीत? माझ्या कोंबड्यांना थांबायचं कळत नाही." मी तिला बसवलं आणि चहा देऊन थेट विचारलं, या बेटाचे प्रमुख व्यवसाय कोणते?

ती हसत सुटली. "कोणत्या वर्षीचे सांगू?"

मग तिनं सांगितलं, ते मी कुठल्याही फळ्यावर लिहिलं नसतं. आधी कित्येक पिढ्या माओरी माणसं इथे होती, अजून आहेत. दवाखान्यात समोरच्या खिडकीशी नावं नोंदवायला बसते ती बाई त्यांच्यातली, आणि बेटाचं खरं नाव विचारायचं असेल तर तिला विचार, म्हणाली, माझा उच्चार ती अजून सुधारतेय. मग गोरे आले. त्यांनी तांब्यासाठी डोंगर पोखरला, व्हेल मारले, आणि कौरीची प्रचंड झाडं कापून ओढ्यातून समुद्रापर्यंत लोटत नेली. तार नव्हती तेव्हा इथून ऑकलंडला कबुतरांच्या पायाला चिठ्ठ्या बांधून पाठवत. तिचा पणजोबा झाडं कापायला आलेला. "त्यानं कापली, मी आता रोपं लावतेय. कापणं सोपं होतं गं. माझी पाठ बघ." आता मध आहे, थोडी मासेमारी, थोडे पर्यटक, घरं बांधणारे, आणि प्रत्येक जण तीन-तीन कामं करतो. "विमानतळावर सामान उतरवतो ना, तोच माझा नळ दुरुस्त करतो. आणि आग लागली तर तोच बंबावर."

"म्हणजे हे शहराच्या हद्दीत येतं का?" मी विचारलं.

"कागदावर येतं. पण आम्ही आपला प्रांत वेगळाच धरतो. समुद्राच्या पलीकडे ते परदेश."

मी भुवया वर करून ऐकलं. अंडी चांगली होती हे मात्र कबूल केलं.

आता मूळ गोष्ट. बेटावर नळ कुणाचा नाही. छपरावर पडलेला पाऊस घराशेजारच्या टाकीत साठवायचा आणि तोच वर्षभर वापरायचा. घरमालकानं मुलाला तेवढं बजावलं होतं, मुलानं मला बजावलं, "आई, दिवसभर मी कामात असतो. टाकीच्या मापावर तू लक्ष ठेव." माप म्हणजे टाकीच्या बाहेरून सोडलेली एक दोरी आणि दोरीला बांधलेला लाल गोळा. मला जबाबदारी मिळाली याचाच आनंद. शाळेत मी पर्जन्यमापक सांभाळत असे.

मी कृष्णाकाठची. पाणी म्हणजे नदीत वाहतं ते, हे माझ्या हाडात मुरलेलं. सकाळी उठलं की तांब्याच्या हंड्यातलं कालचं पाणी शिळं, ते ओतून ताजं भरायचं. मग दारात सडा. दार म्हणजे इथे लाकडी डेक, तो पाईप लावून स्वच्छ धुवायचा, कारण चार पायऱ्या शिंपडून माझं समाधान होत नाही. तांदूळ तीन पाण्यांतून, पालेभाजी पाच पाण्यांतून, कपडे पाणी नितळ येईपर्यंत खळबळून. मशीन आहे घरात, पण मशीनला कपडे कळतात का? आणि हे सगळं करून मी रोज नित्यनेमानं टाकीशी जाऊन माप बघत असे.

गोळा रोज थोडा वर चढलेला असायचा.

मला फार बरं वाटायचं. बाहेर गवत वाळून पिवळं पडलेलं, आकाशात ढगाचा पत्ता नाही, आणि आमची टाकी आपली भरतेच आहे! दुसरं कुणी असतं तर चक्रावलं असतं. पण मी भूगोलाची. मी कारण शोधलं. एके सकाळी नात माझ्याबरोबर आली तेव्हा तिला समजावलं, "हे बघ, समुद्राजवळ हवेत बाष्प जास्त. रात्री छप्पर गार पडतं. मग त्यावर दव साचतं आणि ओघळून टाकीत जातं. याला म्हणतात भौगोलिक कारण."

"हीप्स ऑफ ड्यू, आजी," नात कौतुकानं म्हणाली.

"तर काय!" मी म्हणाले, आणि त्या दिवशी आनंदानं तुळस समजून घरमालकाच्या लिंबाच्या झाडालासुद्धा बादलीभर घातलं.

मग ती सकाळ उजाडली. सून कामावर जायच्या घाईत डोक्यावरून अंघोळ करत होती. आतून हाक आली, "आई, बाहेरचा नळ सोडलाय का? पाणी येत नाहीये."

"नाही बाई. टाकी तर काठोकाठ आहे."

"माझ्या डोक्यात शाम्पू आहे, आई!"

मुलगा बाहेर गेला. टाकीवर थाप मारली. रिकाम्या पिंपाचा आवाज होतो तसा आवाज आला. मग त्यानं गोळ्याकडे बघितलं.

"आई, गोळा पार वर गेलाय."

"मग? भरलीच आहे की."

"आत पाण्यावर फ्लोट तरंगतो. दोरीचं एक टोक त्याला, दुसरं या गोळ्याला. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली जातो आणि गोळा वर येतो." त्यानं विहिरीच्या रहाटासारखे हात करून दाखवलं. "वर म्हणजे रिकामी, आई."

माझ्या माहेरी परसात विहीर होती. एक पोहरा खाली जाताना दुसरा वर येतो, हे बघत मी मोठी झाले. तरी मी विचारलं, "कशावरून?"

"तू रोज बघत होतीस ना? एकदाही संशय आला नाही?"

"बाबा, शी चेक्स इट एव्हरी मॉर्निंग," नातीनं साक्ष दिली. "शी सेड इट्स ड्यू."

"दव? या वाळवंटात? आई, तू भूगोल शिकवायचीस ना?"

मी उत्तर देणार इतक्यात दारात सून आली. डोक्याला टॉवेल, कपाळावरून फेसाचा ओघळ. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "आई, तुम्हाला राहायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतं. पाणी कशाला संपवायचं?"

मला क्षणभर कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. तिला वाटलं, मी हे जाणूनबुजून केलं. रोज माप बघून, हिशेबानं, घर राहण्यालायक नाही हे सिद्ध करायला. आणि पंचाईत अशी, की बेटाला नापास करायचा माझा विचार होताच. फक्त पाण्याचा त्यात काही संबंध नव्हता. पाणी मी निखळ बिनडोकपणानं संपवलं होतं.

सुनेनं प्यायच्या बाटलीतल्या पाण्यानं डोकं कसंबसं धुतलं आणि ती गेली. पाण्याचा ट्रक मागवायला फोन केला तर त्यांच्याकडे अर्ध्या बेटाची रांग. तेवढ्यात वरून काळा पाईप घरंगळत आमच्या फाटकापर्यंत आला आणि पाठोपाठ शेजारीण.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुझा मुलगा टाकी बडवत होता. तो आवाज या डोंगरात सगळ्यांना ओळखू येतो. धर हे टोक. वरून पाणी आपोआप येईल." आणि मग डोळे बारीक करून, "तू सकाळी तो लाकडी ओटा धुतेस ना, मला वाटलं होतं तुमच्यात काही धार्मिक असेल. म्हणून बोलले नाही."

त्या संध्याकाळी सून उशिरा आली. जेवताना म्हणाली, "मी त्यांना नाही म्हणून कळवते. उन्हाळा संपला की परत जाऊ."

"अगं, पण मी मुद्दाम नाही केलं."

"जाऊ दे ना, आई."

"खरंच सांगते. मी मूर्ख आहे."

"तुम्ही आणि मूर्ख?" ती म्हणाली. "तुमच्या हाताखालच्या मुली बोर्डात आल्यात. तुम्हीच सांगता दर दिवाळीला."

बघा आता. वर्षानुवर्षं घरात आपल्या हुशारीचे नगारे मीच वाजवले. इतके, की ऐन वेळी मी बावळट आहे म्हणून सांगितलं तर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही. मुलाकडे बघितलं, तर तो म्हणाला, "आई, तू फसवशील असं मला वाटत नाही. पण दव?" कपटी ठरण्यापेक्षा मूर्ख ठरणं बरं, हे मला त्या दिवशी पटलं. पण मूर्खपणाचा पुरावा आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या गाडीत बसून मी दवाखान्यात गेले. तिथे आत जागा थोडी, म्हणून लोक बाहेर व्हरांड्यातल्या बाकांवर बसतात. मी सुनेचं काम कधी पाहिलं नव्हतं. ऑकलंडच्या हॉस्पिटलात मला फक्त तिची गाडी लावायची जागा माहीत होती. इथे दार उघडं होतं. आत एक म्हातारा कोळी पाय पुढे करून बसला होता, आणि सून त्याच्या जखमेची पट्टी बदलता बदलता त्याला त्याच्या होडीबद्दल विचारत होती. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली, अगदी मोकळं. ते हसू मी घरात कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

शेजारी बसलेल्या बाईनं मला विचारलं, "तू तिची सासू ना? ती परत जाणार म्हणे? आम्हाला कळलं."

"का जाणार?" पलीकडचा एक जण म्हणाला. "आमच्यापैकी कुणी काही बोललं का तिला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले. शाळा सुटल्यापासून इतके श्रोते मला मिळाले नव्हते. माझ्या इंग्रजीत, हातवारे करून, मी सगळं सांगितलं. शिळं पाणी रोज ओतायची पद्धत. डेकवरचा सडा. पालेभाजीची पाच पाणी. मग टाकी, दोरी, गोळा. गोळा कसा रोज वर चढायचा आणि मी कशी खूश व्हायचे. इथपर्यंत आले तेव्हा एका म्हाताऱ्यानं तोंडावर हात घेतला, त्याला पुढचं कळलं होतं. आणि मग मी दवाचा सिद्धांत मांडला. वर्गात मांडायचे तसा, बाष्प, गार छप्पर, भौगोलिक कारण, सगळं क्रमानं.

व्हरांडा हसून हसून आडवा झाला. समोर बसणारी ती माओरी बाई खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "आंटी, परत सांगा, मला सुरुवात ऐकू आली नाही." मी परत सांगितलं. दुसऱ्या वेळी लिंबाचं झाडही घातलं. शेजारणीनं डोळे पुसत जाहीर केलं, की लिंबू बाकी आता जोरात आहे.

सून दारात येऊन कधी उभी राहिली मला कळलं नाही. हातात मोजे तसेच. मी तिला बघितलं आणि थांबले.

"लिंबालासुद्धा?" तिनं मराठीत विचारलं.

"बादलीभर," मी म्हणाले. "आनंदानं."

तिनं ओठ घट्ट मिटले. पण खांदे हलत होते. मग म्हणाली, "आत या."

आत गेल्यावर तिनं मला खुर्चीत बसवलं आणि दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. "इतकं ओरडून बोललात, बघू दे."

"अगं, मी—"

"आई, पट्टा फुगत असताना बोलायचं नाही. आकडा चुकतो." ती पंप दाबत राहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही बेटाला नापास करायला आला होतात ना?"

मी मान हलवली, होय म्हणून.

"हलायचंही नाही." पट्टा करकचून आवळला. "आणि आता? राहायचं का? लगेच नको. हवा जाऊ दे."

आयुष्यात मला कुणी इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं. हवा हळूहळू सुटत गेली. उघड्या दारातून व्हरांड्यातले आवाज येत होते, कुणीतरी नव्यानं आलेल्याला माझं दव समजावून सांगत होतं, आणि चुकीचं सांगत होतं. न्यू लिनचा कढीपत्ता मला आठवला, बुधवारचं भजन आठवलं. मग तो कोळी आठवला, पाय पुढे करून बसलेला.

पट्टा सैल झाला. "राहू या," मी म्हणाले. "पण मापाचं काम तुझ्या नवऱ्याकडे दे."

सुनेनं पट्ट्याची घडी घातली, खिडकीतल्या बाईला हाक मारून सांगितलं की आज दुपारी कायमच्या जागेचं बोलायला वेळ काढ, आणि मग माझ्याकडे वळली.

"आई, तुमचं बीपी जास्त आहे. दर आठवड्याला इथे येऊन दाखवायचं. चला, उठा आता, बाहेर माणसं थांबलीत."